मेलोट्रॉनचे सूर संगणकावर: जोडणीपासून बोटांपर्यंत

मेलोट्रॉन म्हणजे खऱ्या वाद्यांची टेपवरची रेकॉर्डिंग वाजवणारं जुनं कीबोर्ड वाद्य. त्याचं प्लगइन (तो आवाज संगणकावर देणारं सॉफ्टवेअर) टाकलं, मिडी कीबोर्ड (कोणती पट्टी दाबली ते संगणकाला कळवणारा) जोडला, व्हायोलिन लावलं, तरी ऐकू येतात त्या कुठल्याही सिंथेसायझरवरच्या स्ट्रिंग्ज. ही तक्रार करणाऱ्या बहुतेकांकडचं सॅम्पल (वाद्याचं रेकॉर्ड केलेलं मूळ) उत्तम असतं. गडबड असते सेटिंगच्या क्रमात आणि वाजवण्याच्या सवयीत. रिव्हर्ब (प्रतिध्वनीचा इफेक्ट) सगळ्यात आधी लागतो, व्हेलॉसिटी (पट्टी किती वेगाने दाबली यावरून पातळी ठरवणं) चालूच राहते, पाय सस्टेन पेडलवर असतो आणि कॉर्ड पियानोसारखी दाबून धरली जाते. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. मधला एखादा गाळला तर पुढच्या टप्प्यातली तपासणी तुमची दिशाभूल करेल.

## आधी यंत्र काय करतं ते पक्कं करा

संगणकावरची जवळजवळ सगळी सेटिंग्ज यावरून ठरतात. १९७० साली आलेल्या एम-४०० मॉडेलला ३५ पट्ट्या आहेत. प्रत्येक पट्टीखाली टेपची स्वतंत्र फीत आणि तिच्यावर त्या एकाच स्वराचं खऱ्या वाद्याचं रेकॉर्डिंग. पट्टी दाबली की फीत हेडला टेकते, फिरत्या रुळाला लागून पुढे सरकते आणि साधारण आठ सेकंदांत संपते. फीत संपली की आवाज थांबतो. बोट उचललं की स्प्रिंग फितीला मागे ओढून पुन्हा सुरुवातीला आणते. एका फितीवर तीन ट्रॅक शेजारी शेजारी असतात, उदाहरणार्थ व्हायोलिन, बासरी आणि चेलो. हेड सरकवून त्यातला एक निवडायचा, किंवा हेड दोन ट्रॅकच्या मधोमध ठेवून दोन्ही एकत्र घ्यायचे.

म्हणजे आवाज लूप होत नाही (पुन्हापुन्हा फिरत नाही), सस्टेन पेडल नाही, पट्टी किती वेगाने दाबली यावर पातळी ठरत नाही, आणि बाहेर येणारा आवाज मोनो असतो. प्रत्येक नव्या दाबाबरोबर वाद्याची सुरुवात, म्हणजे गज तारेला लागण्याचा किंवा बासरीत फुंकर शिरण्याचा तो पहिला क्षण, पुन्हा ऐकू येतो. प्लगइनमध्ये यातलं काही बदलायची सोय असली तरी सुरुवातीला बदलू नका. या मर्यादांमुळेच तो आवाज ओळखू येतो.

## टप्पा १: कीबोर्ड आणि जोडणी

३५ पट्ट्या म्हणजे खालच्या जीपासून वरच्या एफपर्यंत, तीन सप्तकांना दोन अर्धस्वर कमी. २५ पट्ट्यांच्या छोट्या कीबोर्डवर दोन्ही हातांनी कॉर्ड धरता येत नाहीत. ऑक्टेव्हचं बटण दाबत राहावं लागतं, आणि या वाद्यावर हातांची वाटणीच महत्त्वाची आहे. ४९ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरेसा होतो. पट्ट्यांना पियानोसारखं वजन नसलं तर उत्तमच.

नवा कीबोर्ड घेण्याआधी घरात असलेला पाहा. आपल्याकडे अनेक घरांत अरेंजर कीबोर्ड असतो, तोच रिदम वाजवणारा, भावगीतांच्या क्लासला नेलेला. त्याच्या मागे ‘टू होस्ट’ असं लिहिलेलं चौकोनी यूएसबी सॉकेट असेल तर प्रिंटरला लागते तीच केबल लावून तो संगणकाला जोडता येतो. ‘टू डिव्हाइस’ लिहिलेलं सॉकेट पेनड्राइव्हसाठी असतं, त्यात घोळ करू नका. जोडल्यावर तीन गोष्टी करा:

- लोकल कंट्रोल बंद करा. नाहीतर कीबोर्डचा स्वतःचा आवाज आणि संगणकाचा आवाज एकदमच येतात.
- स्टाइल, ऑटो अकम्पनिमेंट आणि स्प्लिट बंद करा. ते वेगवेगळ्या मिडी चॅनलवर नोट्स पाठवतात आणि मेलोट्रॉन भलतेच सूर वाजवतो.
- ट्रान्सपोज शून्यावर आणा.

ट्रान्सपोजबद्दल थोडं सविस्तर. गायकाला काळी चार लागते म्हणून बटण चार घरं खाली नेऊन ठेवायची सवय अनेकांच्या हाताला असते. कीबोर्डवरचा ट्रान्सपोज फक्त नोटचा क्रमांक बदलतो, त्यामुळे वाजतं ते त्या स्वराचं मूळ सॅम्पलच. आवाजाला धक्का लागत नाही, पण ३५ पट्ट्यांची चौकट तुमच्या हाताखाली सरकते आणि एका टोकाच्या पट्ट्या मुक्या होतात. प्लगइनमधला पिच बदलून ट्रान्सपोज केलात तर परिणाम वेगळा होतो. तिथे फितीचा वेगच बदलतो, त्यामुळे आवाजाचा पोत आणि लांबी दोन्ही बदलतात. सुरुवातीला दोन्ही शून्यावर ठेवा.

सावध: ब्लूटूथ हेडफोनवर वाजवू नका. त्यात पट्टी दाबणं आणि आवाज येणं यांत सहज शंभर मिलिसेकंदांहून जास्त अंतर पडतं, आणि कुठल्याही सेटिंगने ते भरून निघत नाही. वायरवाला हेडफोन किंवा स्पीकर घ्या.

## टप्पा २: विलंब मोजा, पण पियानोवर

सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. मेलोट्रॉनचं व्हायोलिन मुळातच सावकाश उमटतं. ते लावून वाजवलं की आवाज उशिरा येतोय असं वाटतं, मग बफर (आवाज पुढे पाठवण्याआधी संगणक साठवतो तो तुकडा) कमी-कमी केला जातो आणि शेवटी आवाज तडतडायला लागतो.

म्हणून आधी पियानो किंवा लाकडी ठोक्याचा एखादा आवाज लावा. विंडोजवर ऑडिओ इंटरफेससोबत (बाहेरून जोडायच्या साउंड कार्डसोबत) आलेला एएसआयओ, म्हणजे कमी विलंबाचा, ड्रायव्हर निवडा. इंटरफेस नसेल तर एएसआयओ४ऑल हा मोफत ड्रायव्हर चालतो. मॅकवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. सॅम्पल रेट ४४,१०० ठेवा आणि बफर २५६. त्याने पडणारा विलंब सुमारे ६ मिलिसेकंद. १२८ वर तो ३ होतो, ५१२ वर १२ आणि १०२४ वर २३. ड्रायव्हरचा स्वतःचा थोडा विलंब यात मिळवायचा.

तपासा: मेट्रोनोम ९० वर लावून पियानोची एकच पट्टी ठोक्याबरोबर वाजवा. ठोका आणि सूर एकत्र पडत असतील तर जोडणी नीट आहे. त्यानंतर मेलोट्रॉन उशिरा वाटला तर तो सॅम्पलचा स्वभाव आहे. बफरला हात लावू नका.

## टप्पा ३: वाद्य निवडा किंवा मांडा

तयार प्लगइनमध्ये जीफोर्सचं एम-ट्रॉन प्रो, आर्टुरियाचं मेलोट्रॉन व्ही आणि आयके मल्टिमीडियाचं सॅम्पलट्रॉन २ ही माहितीतली नावं आहेत. ती विकतची आहेत, पण चाचणी आवृत्ती मिळाली तर आधी ती वापरून पाहा. कुणाकडूनही परस्पर आलेली सॅम्पल्स टाळा. वापरण्याची परवानगी स्पष्ट लिहिलेला संच घ्या, कारण गाणं प्रसिद्ध करताना हा प्रश्न येतोच.

तुमच्याकडे डब्ल्यूएव्ही फायलींचा संच असेल तर डिसेंट सॅम्पलरसारख्या मोफत सॅम्पलरमध्ये वाद्य स्वतः मांडता येतं. त्यासाठी भारी संगणक लागत नाही. ३५ नोट्स, प्रत्येकी ८ सेकंद, मोनो, १६ बिट म्हणजे एका वाद्याला जेमतेम २५ एमबी. जुना लॅपटॉपही हे पेलतो.

स्वतः मांडताना एका पट्टीला एक सॅम्पल हा नियम पाळा. जागा वाचवण्यासाठी एकच सॅम्पल तीन-चार पट्ट्यांवर ताणलेलं असेल तर दोन गोष्टी बिघडतात. वर ताणलेली नोट लवकर संपते. पूर्ण सप्तकभर ताणली तर आठाची चारच सेकंदं उरतात. शिवाय फितीची बारीक थरथर कॉर्डमधल्या सगळ्या सुरांत सारखीच ऐकू येते. खऱ्या यंत्रात प्रत्येक फीत स्वतंत्र रेकॉर्ड झालेली असते, त्यामुळे प्रत्येक सुराचं हलणं वेगळं असतं. कॉर्ड जिवंत वाटते ती यामुळे.

सावध: मिडीतला ६० क्रमांकाचा मधला सी काही कंपन्या सी-४ लिहितात, यामाहासारख्या काही सी-३. फाइलच्या नावातला जी-२ म्हणजे नेमका कुठला, हे नावावरून ठरवू नका. क्रमांकाने मांडा: सगळ्यात खालचा जी ४३ वर, वरचा एफ ७७ वर.

तपासा: व्हायोलिन लावून ६९ क्रमांकाची नोट ट्यूनरवर पाहा. ४४० हर्ट्झच्या आसपास आली पाहिजे. २२० किंवा ८८० दिसलं तर अख्खा संच एक सप्तक चुकला आहे. काटा दोन्हीकडे थोडा डोलत राहिला तर काळजी नको, ते टेपचं हलणं आहे. त्या डोलण्याला ऑटोट्यूनने ‘दुरुस्त’ करू नका.

## टप्पा ४: चार सेटिंग्ज, एकेक तपासून

व्हेलॉसिटी. प्लगइनमध्ये बंद करता येत असेल तर तिथेच करा. नाहीतर कीबोर्डवर एकच ठरावीक व्हेलॉसिटी लावा, १०० ठेवली तरी चालेल. एक पट्टी आधी हळुवार, मग जोरात दाबा. दोन्ही वेळा पातळी सारखीच यायला हवी. (खऱ्या यंत्रावर बोटाचा दाब बदलला तर फीत हेडवर कमी-जास्त टेकते आणि आवाज किंचित बदलतो, पण तो वेगाचा नव्हे, दाबाचा परिणाम. आफ्टरटच असलेल्या (धरलेल्या पट्टीवरचा दाब ओळखणाऱ्या) कीबोर्डवर ते नंतर करून बघता येईल.)

लूप. बंद. एक पट्टी धरून घड्याळाकडे बघा. आठ सेकंदांच्या आसपास आवाज आपोआप थांबला तर ठीक. दहाव्या सेकंदालाही सूर चालूच असेल तर लूप राहून गेला आहे.

सस्टेन पेडल. केबलच काढून ठेवा. पाय सवयीने जातोच, आणि पेडल दाबलेलं राहिलं की आधीच्या कॉर्डच्या फिती मागे वाजत राहून सगळा चिखल होतो.

रिलीज, म्हणजे बोट उचलल्यावर सूर विरायला लागणारा वेळ. शून्य केलात तर बोट उचलल्यावर टक असा आवाज येतो, अर्धा सेकंद ठेवलात तर तो सिंथेसायझर होतो. एक दशांश सेकंदाच्या आसपास ठेवा आणि कानाने ठरवा.

काही प्लगइनमध्ये फीत परत येण्याच्या वेळेची नक्कल असते. बोट उचलून लगेच तीच पट्टी दाबली तर सूर सुरुवातीपासून न येता मधूनच उचलला जातो. पहिले काही दिवस ती बंद ठेवा. हात बसल्यावर चालू करा, फार सुंदर परिणाम मिळतात.

## टप्पा ५: आठ सेकंदांचा हिशोब

इथे वेळ घाला. बाकी सगळं एका संध्याकाळीत उरकेल, हे नाही.

गाण्याचा वेग गुणिले आठ भागिले साठ, म्हणजे एका फितीत किती मात्रा बसतात ते कळतं. ६० च्या वेगात ८ मात्रा, ९० ला १२, १२० ला १६. म्हणजे १२० मात्रांच्या लयीतल्या तीनतालाचं एक आवर्तन आणि एक फीत जवळजवळ एकत्र संपतात. पण हिशोब आठाचा करू नका, सातचा करा. शेवटच्या सेकंदाच्या भरवशावर राहिलात तर समेच्या आधीच कॉर्ड तुटेल.

कॉर्ड सातपेक्षा जास्त सेकंद हवी असेल तर सगळी बोटं एकदम उचलून पुन्हा दाबणं ही नवशिक्याची चूक. आवाजात खड्डा पडतो आणि लगेच सगळ्यांची सुरुवात एकदम ऐकू येते. त्याऐवजी असं करा. समजा ६० चा वेग आहे आणि सी मेजर सोळा मात्रा धरायची आहे.

१. पहिल्या मात्रेला सी, दुसऱ्या मात्रेला ई, तिसऱ्या मात्रेला जी दाबा. तिघांची सुरुवात वेगळी झाली म्हणजे शेवटही वेगवेगळ्या वेळी येणार.

२. सातव्या मात्रेला वरचा सी दाबा आणि तो उमटल्यावरच खालचा सोडा. नवी पट्टी, नवी फीत, मध्ये खड्डा नाही.

३. आठव्या मात्रेला वरचा ई घ्या, मग खालचा ई सोडा. नवव्याला खालचा जी दाबा आणि आधीचा जी सोडा. जीला उशीर केलात तर तो दहाव्या मात्रेपर्यंत जेमतेम टिकतो.

४. तेराव्या मात्रेपासून त्याच क्रमाने पहिल्या जागांवर या. त्या फिती केव्हाच मागे जाऊन तयार असतात.

नियम एकच: नवा सूर उमटेपर्यंत जुना सोडायचा नाही. हात सतत उलटपालट कॉर्डमधून फिरत राहतो आणि ऐकणाऱ्याला आतले आवाज हलताना जाणवतात. मेलोट्रॉनच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये कॉर्ड स्थिर असूनही हलत्या वाटतात त्यामागे हेही एक कारण आहे.

तपासा: हीच सोळा मात्रांची कॉर्ड ऑडिओ म्हणून रेकॉर्ड करा आणि तरंगाचा आलेख बघा. मध्ये कुठेही तो सपाट रेषेपर्यंत खाली जाता कामा नये.

सुरावट वाजवताना आधी बासरी घ्या. ती व्हायोलिनपेक्षा लवकर बोलते. बीटल्सच्या १९६७ च्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ची सुरुवात मेलोट्रॉनच्या बासरीची आहे. ती हेडफोनवर ऐका आणि प्रत्येक कॉर्डच्या आरंभाची फुंकर कुठे पडते ते टिपा. व्हायोलिनवर जलद ताना उमटत नाहीत, तो हट्ट सोडा.

पिच व्हीलवरून मींड काढणारे आपले वादक इथे हमखास अडकतात. खऱ्या यंत्रातली पिचची कळ मोटरचा वेग बदलते, म्हणजे सगळ्या फिती एकदम वर किंवा खाली जातात. कॉर्ड धरून एकाच सुराला मींड देणं तिथे शक्य नाही. व्हीलची कक्षा एका अर्धस्वरावर आणा आणि फक्त एकेरी सुरावटीत वापरा.

## टप्पा ६: आवाजाचा चढउतार डाव्या हाताने

व्हेलॉसिटी गेली, मग भाव कुठून आणायचा? पेटी वाजवणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. पेटीत पट्टी किती जोरात दाबली याने काही होत नाही, आवाज भात्याच्या हाताने वाढतो. इथे भात्याचं काम एक्सप्रेशन पेडल करतं. ते नसेल तर मॉड्युलेशन व्हील. कंट्रोलर क्रमांक ११ पेडलला किंवा व्हीलला जोडा. बहुतेक प्लगइनमध्ये मिडी लर्न चालू करून व्हील हलवलं की काम होतं. मॉड्युलेशन व्हीलला आधीपासून व्हायब्रेटो लावलेला असेल तर तो काढून टाका.

खालची मर्यादा शून्य ठेवू नका, ४० च्या आसपास ठेवा. आठ सेकंदांच्या फितीत आवाज अगदी तळातून वर आणायला गेलात तर वर पोचेपर्यंत फीत संपते. आणि सूर सुरू होताना पेडल सगळ्यात कमी पातळीवर असेल तर गजाचा तो पहिला स्पर्श झाकला जातो, जो ऐकवण्यासाठी एवढा खटाटोप केला.

## टप्पा ७: रेकॉर्डिंग

ऑडिओ नाही, मिडी रेकॉर्ड करा, म्हणजे चुकलेली पट्टी नंतर बदलता येईल. क्वांटाइझ (नोट्स आपोआप ठोक्यावर सरकवणं) पूर्ण लावू नका. टप्पा ५ मध्ये बोटं मागे-पुढे ठेवायला शिकलात ते सगळं त्यात सरळ होऊन जातं. लय अगदीच ढिली असेल तर ५० टक्के, त्याहून जास्त नाही.

व्हायोलिन आणि कोरस (समूहगायनाचा आवाज) तबल्याच्या किंवा ड्रमच्या मागे पडल्यासारखे वाटतील. नोट्स एकेक ओढत बसू नका, संपूर्ण ट्रॅकच २० ते ४० मिलिसेकंद आधी आणा. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकला मिलिसेकंदांचा ऑफसेट थेट देता येतो. बासरीला हा आकडा कमी लागेल. दोन्ही एकाच ट्रॅकवर असतील तर आधी वेगळे करा.

एखादा सूर अडकून वाजतच राहिला तर सॉफ्टवेअरमधलं ‘ऑल नोट्स ऑफ’ दाबा. वारंवार होत असेल तर कीबोर्ड यूएसबी हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावून बघा.

## टप्पा ८: इक्वलायझर, मग रिव्हर्ब

ट्रॅक मोनो करा. स्टिरिओ रुंद करणारी प्लगइन्स नकोत, कोरस इफेक्टही नको. टेपची थरथर आवाजात आधीच आहे, तिच्यावर आणखी थरथर चढवली की सूर बेसूर होतात.

खालचा जी ९८ हर्ट्झचा आहे, म्हणून ८० च्या खालचं बिनधास्त कापा. वरच्या बाजूला चमक आणायला तिखट (ट्रेबल) वाढवलात तर टेपची खरखरच वाढते, कारण तिथे वाद्याचं फारसं काही नसतं. सहा पट्ट्या धरल्या की सहा फितींची खरखर एकत्र येते हे खरं, पण तिच्यावर नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन) लावू नका. सुराचं शेपूट तुटतं. गाण्यात बाकीची वाद्यं आली की ती आपोआप झाकली जाते.

सगळ्यात शेवटी रिव्हर्ब, तोही वेगळ्या सेंडवर (आवाजाची प्रत इफेक्टकडे नेणाऱ्या मार्गावर), म्हणजे मूळ मोनो आवाज मध्यभागी राहील आणि प्रतिध्वनी दोन्ही बाजूंना पसरेल. दीड ते दोन सेकंदांचा हॉल पुरतो. चार-पाच सेकंदांचा रिव्हर्ब लावलात तर फीत कुठे संपली आणि नवी कुठे सुरू झाली हे तुम्हालाच कळणार नाही.

तपासा: रिव्हर्ब पूर्ण बंद करून तुकडा एकदा ऐका. कोरडा ऐकतानाही कॉर्ड जोडलेल्या वाटत असतील तर रिव्हर्ब परत चालू करा. तुटक वाटत असतील तर टप्पा ५ कडे जा आणि तो भाग पुन्हा वाजवा.

एवढं जमल्यावर व्हेलॉसिटी, लूप, पेडल, ऑफसेट आणि सेंड यांसह हा प्रोजेक्ट टेम्प्लेट म्हणून जतन करा. व्हायोलिन, बासरी आणि कोरस असे तीन ट्रॅक त्यात तयार ठेवा, म्हणजे पुढच्या गाण्याला थेट टप्पा ५ पासून बसता येईल.